खिडकीतलं वृंदावन आणि माझा साडू

स्पीड पोस्टाचं पाकीट गाळ्यावर आलं, तेव्हा मी त्याला हळदकुंकू वाहिलं. थट्टा करत नाही, खरंच वाहिलं. पोस्टमनने सही घेतली, मी ग्राइंडर बंद केला, हात धुतले आणि पाकीट न फोडता स्कूटरवरून तसंच घरी आणलं. बायकोला म्हटलं, "ताट काढ. सर्टिफिकेट आलंय."

तिने देवासमोर पाट मांडला, त्यावर पाकीट ठेवलं, दोन फुलं वाहिली, साखरेची वाटी ठेवली. मग मी पाकीट फोडलं आणि एक पाय पुढे टाकून, दरबारात खलिता वाचतात तसा खणखणीत आवाज लावला. पत्र इंग्रजीत होतं. वाचता वाचता मी त्याचं मराठी करत होतो, तेवढं मला येतं.

"खिडकीच्या ग्रिलला अडकवण्याच्या तुळशी वृंदावनाच्या नोंदणीकृत डिझाइनचे आमचे अशील हे एकमेव मालक आहेत."

"म्हणजे तुम्ही," बायको म्हणाली.

"म्हणजे मी," मी म्हटलं आणि हात छातीवर ठेवला. "आपण सदर डिझाइनची बेकायदा नक्कल करून विक्री करीत आहात, असे निदर्शनास आले आहे."

"आपण म्हणजे कोण?"

"आपण म्हणजे…" मी पत्ता पाहिला. पत्ता माझ्या गाळ्याचा होता. मग अशिलाचं नाव पाहिलं.

ते नाव माझ्या साडूचं होतं. बायकोच्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं.

बायकोने साखरेची वाटी उचलून आत नेली. मी मात्र तसाच उभा राहिलो, एक पाय पुढे टाकून.

माझा धंदा ग्रिलचा. पेणकरपाड्यात एक गाळा आहे. वडील परळहून इकडे आले तेव्हा त्यांनी तो घेतला आणि पुढे मी चालवला. मिरा रोडच्या निम्म्या खिडक्यांना मीच गज लावलेत, असं मी लोकांना सांगतो. निम्म्या हे थोडं जास्त होतं, पण बऱ्याच लावल्यात. आणि खिडक्यांत वावरणाऱ्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते, ती म्हणजे या गावात तुळशीवरून जेवढी भांडणं होतात तेवढी पार्किंगवरूनही होत नसतील. अंगण कुणाकडेच नाही, म्हणून कुंडी ग्रिलमध्ये. वरच्या बाईने श्रद्धेने पाणी घातलं की ते खालच्या बाईच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या भाभी रोज सकाळी वर तोंड करून ओरडायच्या, "अरे ओ ऊपरवाली, आपकी तुलसी ने मेरी चद्दर को फिर नहला दिया!"

ती ऊपरवाली म्हणजे माझी बायको.

तर घरातली शांतता टिकावी म्हणून मी ते वृंदावन बनवलं. पत्र्याचं, चौकोनी, वर कुंडी बसेल एवढं तोंड. मागे दोन आकडे, ते ग्रिलच्या आडव्या पट्टीवर बसतात. पुढे दिव्यासाठी कोनाडा, आणि खाडीकडून येणारं वारं दिवा विझवू नये म्हणून कोनाड्याच्या एका बाजूला तिरप्या पट्ट्या. खाली तीन पायऱ्या, अगदी गावाकडच्या वृंदावनासारख्या. त्यातली सगळ्यात खालची पायरी म्हणजे खरं तर खण. पाणी झिरपून त्यात साठतं. संध्याकाळी पायरी बाहेर ओढायची आणि मोरीत ओतून टाकायची. पहिल्यांदा ती पायरी ओढून दाखवली, तेव्हा बायको मला म्हणाली, "तुम्हाला डोकं आहे तर." लग्नाला तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती.

आता आमच्या गाळ्यात वडिलांपासूनची एक रीत आहे. नव्या प्रकारचा पहिला नग विकायचा नाही. तो आधी देवाच्या कामी लागला पाहिजे. पहिला नक्षीचा दरवाजा त्यांनी दत्ताच्या देवळाला दिला होता. मी हे पहिलं वृंदावन आमच्या सोसायटीच्या तुळशीच्या लग्नाला दिलं. पिवळाधमक रंग, कोनाड्याला लाल किनार. लग्न खाली मोकळ्या जागेत होतं, सगळ्यांसमोर. बाळकृष्ण एका घरून वाजत गाजत आणला, आणि अंतरपाट धरायला एका बाजूला आमचे चेअरमन आणि दुसऱ्या बाजूला माझा साडू. तो भाईंदर पूर्वेहून सहकुटुंब आला होता. मंगलाष्टकं संपल्यावर त्याने स्वतः वाकून ती पायरी आत-बाहेर केली, दोनदा. मग माझ्या पाठीवर जोरात थाप मारली.

"साडूभाऊ, हे पेटंट करायला पाहिजे."

पेटंट नव्हे, डिझाइनची नोंदणी म्हणतात त्याला, हे मला फार नंतर कळलं. त्याला मात्र बहुतेक तेव्हाच माहीत होतं. हा माणूस एका खाजगी कंपनीतून लवकर बाहेर पडला आणि तेव्हापासून घरी बसून दुकानदारांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. जीएसटी, दुकानाचा परवाना, पॅनकार्ड, काहीही. मला अर्ज म्हटलं की घाम फुटतो. एका ग्राहकाने मला वकिलाकडे जायला सांगितलं होतं. मी म्हटलं, छे, वकिलाला चित्र दाखवलं आणि त्यानेच ते दुसऱ्याला विकलं तर? त्यापेक्षा घरचा माणूस बरा.

म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलने काढलेलं मूळ चित्र, मापांसकट, मी घडी करून घरच्या माणसाच्या हातात दिलं. झेरॉक्स काढली नाही. त्याने गाळ्यावर येऊन चारही बाजूंनी फोटो काढले. मी कपडा घेऊन वृंदावन पुसत होतो, धूळ दिसायला नको म्हणून. पुढे वर्षभर मी विचारायचो, "कुठवर आलं?" आणि तो म्हणायचा, "प्रोसेस चालू आहे रे, सरकारी काम आहे." मी निर्धास्त होतो. एकीकडे नग बनवत होतो, विकत होतो. आणि मग नवरात्र संपता संपता, पुढच्या तुळशीच्या लग्नाच्या मागण्यांचा ढीग पडलेला असताना, ते पाकीट आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाईंदरला त्याच्या घरी गेलो. मेहुणीने दार उघडलं, "या भाऊजी" म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे न बघता चहा टाकायला आत गेली. त्यावरूनच मला कळलं की तिला काहीतरी माहीत आहे. साडू लॅपटॉपसमोर बसला होता.

मी नोटीस त्याच्यापुढे ठेवली. "चुकून तुझं नाव पडलंय यात."

"चुकून नाही," तो म्हणाला. "अर्ज माझ्या लॉगिनमधून झाला. ओटीपी माझ्या मोबाईलवर येतो. तुला दर वेळी फोन करून ओटीपी कुठे विचारत बसणार? म्हणून अर्जदार मी."

"बरं. मग आता माझं नाव घाल."

"तसं होत नाही आता."

"का होत नाही?"

त्याने लॅपटॉप मिटला. "मी इथल्या एका कारखान्याशी करार केलाय. ते मशीनवर बनवणार आहेत. मोठं काम आहे. तू बस गाळ्यात एकेक वेल्डिंग करत. तू ग्रिलवाला आहेस, तुला ते झेपलं असतं का, सांग?"

"झेपलं नसतं तर नसतं. पण माझं होतं ते."

"कागदावर माझं आहे."

मी ओरडलो नाही. हे माझ्या बायकोलाही खरं वाटत नाही, पण नाही ओरडलो. उलट मला हसू आलं. म्हटलं, हा गंमत करतोय. आता टाळी मागेल. मी म्हटलं, "अरे, माझ्या डोक्यातली गोष्ट तू माझ्याच हातून घेतलीस, आणि मला विचारलंसुद्धा नाहीस?"

तेव्हा तो उठून उभा राहिला. एवढ्या वर्षांत त्याला तसा उभा राहिलेला मी पाहिला नव्हता.

"तू विचारलंस कधी?"

"काय विचारलं?"

"वीस वर्षं. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात, मुंजीत. जेवणं झाली की सगळे म्हणतात, साडूला करून दाखव. मग तू उठतोस आणि माझं चालणं करतोस, माझं नाक ओढणं करतोस, मी फोनवर साहेबाशी कसा बोलतो ते करतोस. सगळं माझं. लोक खुर्चीवरून पडतात हसून. टाळ्या तुला. माझी परवानगी घेतलीस कधी? माझी पोरगी त्या हसणाऱ्यांत असायची."

ते खरं होतं. त्याची नक्कल मी फार सुंदर करायचो. त्यालाही ती आवडते, असं मी धरून चाललो होतो. तो हसायचा की! शेवटच्या रांगेत बसून, पण हसायचा.

"त्याचा सूड आहे का हा?" मी विचारलं.

"सूड कसला. धंदा आहे," तो म्हणाला, आणि एकदम मवाळ झाला. "हे बघ, मी काही राक्षस नाही. तू पण बनव. तुला मी परवानगी देतो, लेखी. फक्त प्रत्येक नगावर माझ्या नावाचं स्टिकर लावायचं. तू आणि कारखाना, दोघंच. बाकी कुणाला मी हात लावू देणार नाही. तुझाच फायदा आहे यात."

चहा आला. मी तो प्यायलो, हे मला आजही खटकतं.

मिरा रोड स्टेशनजवळ, मोबाईलच्या दुकानाच्या वर, एक वकीलबाई बसतात. वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी नोटीस वाचली, चष्मा वर सरकवला आणि आधी एकच सांगितलं, "काका, ही नोटीस आहे, कोर्टाचा हुकूम नाही. लगेच हात वर करायचे नाहीत आणि फॅमिली ग्रुपवर शिव्याही घालायच्या नाहीत. घातल्यात का?"

"एकच घातली."

"काढून टाका. नाही, राहू दे, आता त्याचाही स्क्रीनशॉट असेल."

मग त्यांची उलटतपासणी सुरू झाली.

"मूळ चित्र कुठे आहे?"

"साडूकडे."

"प्रत?"

"नाही."

"त्याच्याशी काही लेखी?"

"साडूशी लेखी काय करायचं, मॅडम?"

"अर्ज वकिलाकडून का नाही भरून घेतलात?"

"वकील डिझाइन चोरेल म्हणून."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. खालच्या दुकानात कुणीतरी रिंगटोन तपासून बघत होतं, त्या सगळ्या संपल्या, तरी पाहतच होत्या.

मग त्यांनी मला जे समजावलं ते असं. साडूने चोरी केली हे सिद्ध करायचं तर माझ्याकडे कागद नाही, तोंडी साक्षींवर वर्षं जातील. पण दुसरा एक रस्ता आहे. नोंदणी त्याच डिझाइनची होते जे नवीन आहे, अर्जाच्या दिवसाआधी लोकांपुढे आलेलं नाही. ते आधीच उघड झालेलं होतं असं दाखवता आलं, तर नोंदणी रद्द करून मिळते. अर्ज कोलकात्याच्या कार्यालयात करायचा, सुनावणी आता घरबसल्या व्हिडिओवर होते.

"उघड म्हणजे?" मी विचारलं.

"लोकांनी पाहिलेलं. त्याच्या अर्जाच्या आधी कुठे मांडलं होतं का?"

मी खुर्चीतून उडालो. "अहो, पूर्ण सोसायटीपुढे! तुळशीचं लग्न लावलं त्यात! पहिला नग आम्ही देवाला देतो."

"मग सुटलात," त्या म्हणाल्या. आणि लगेच, "आणि अडकलातही."

"कसा?"

"काका, ते नवीन नव्हतं असं ठरलं, तर ते त्याच्यासाठीही नवीन नव्हतं आणि तुमच्यासाठीही. त्याची नोंदणी जाईल. पण तुम्हालाही मिळणार नाही. मग कुणीही बनवू शकेल. उद्या त्याचा तो कारखाना तर बनवेलच, आणखी दहा जण बनवतील." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "तुम्ही आधी दाखवलंत आणि कागद नंतर केलात. ते उलट करायचं असतं."

"पण पहिला नग देवाला द्यायचा असतो."

"द्या ना. अर्जाचा नंबर हातात आला की द्या. देव काय पळून जातोय?"

म्हणजे दोन दारं होती. एक, साडूची परवानगी घ्यायची, स्टिकर लावायचं आणि दोघातिघांत बाजार वाटून खायचा. दुसरं, माझी वस्तू कुणाचीच नव्हती असं ठरवून घ्यायचं आणि ती रस्त्यावर सोडून द्यायची. वकीलबाईंनी पहिल्या दाराबद्दलही प्रामाणिकपणे सांगितलं. पुष्कळ धंदेवाले तेच करतात, त्यात लाज नाही, भांडणापेक्षा करार स्वस्त पडतो.

घरी बायकोने विचारलं, "तुम्हाला वृंदावन हवंय की त्याला हरवायचंय?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"दोन्ही मिळत नाहीये."

चार दिवस मी वाट पाहिली. खरं तर साडूच्या फोनची वाट पाहिली. वाटलं, येईल, म्हणेल, चुकलं रे. पाचव्या दिवशी त्याचा व्हॉट्सअॅप आला. स्टिकरचा नमुना होता. सोनेरी, वर तुळशीचं पान. खाली लिहिलं होतं, "संकल्पना व निर्मिती", आणि त्यापुढे त्याचं नाव.

मालक लिहिलं असतं तरी मी कदाचित गिळलं असतं. कागदावर तो मालक होताच. पण संकल्पना? ज्या माणसाने आयुष्यात एक झाड लावलं नाही, ज्याच्या घरची तुळस त्याची बायको कधी नव्हे ते गावाला गेल्यावर चार दिवसांत वाळली, त्याची संकल्पना? मी वकीलबाईंना फोन लावला. "मॅडम, दुसरं दार."

आता पुरावा हवा होता. सोसायटीच्या ग्रुपवर त्या लग्नाचे शंभरावर फोटो होते आणि मी हातात भिंग घेऊन बसल्यासारखा ते बघत होतो. लोक काय काय टिपतात! नव्या साड्या, उसाची मोळी, भटजींची पाठ, चेअरमनच्या हातातलं घड्याळ. वृंदावन मात्र अंतरपाटामागे. प्रत्येक फोटोत पांढरं कापड, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, आणि एका टोकाला माझा साडू, निष्पाप चेहऱ्याने ते कापड ताणून धरतोय. अंतरपाट दूर झाल्यावरचे फोटो काढताना सगळेच अक्षता टाकत होते, त्यामुळे ते हललेले. एका फोटोत वृंदावनाची एक कड आणि माझी ढेरी. ढेरी स्पष्ट होती.

शेवटी बायकोला आठवलं. "छोटीने टाकले होते ना?"

छोटी म्हणजे तिची बहीण, साडूची बायको. तिने लग्नाच्या आधी, तयारी चाललेली असताना, वृंदावनाचे तीन फोटो काढून त्याच दिवशी फेसबुकवर टाकले होते, सगळ्यांना दिसतील असे. समोरून एक. पायरी बाहेर ओढलेली असतानाचा एक. आणि तिसऱ्यात वृंदावनाशेजारी तिचा नवरा, खांद्यावर घडी केलेला अंतरपाट. वर तिने लिहिलं होतं, "आमच्या भाऊजींची करामत!" आणि खाली पहिलीच प्रतिक्रिया साडूची. "तोडलंस भावा", आणि जोडलेले हात.

वकीलबाईंनी बजावलं होतं की पुरावा सापडला तर आधी त्याची रीतसर प्रत काढून घ्यायची, मगच कुणाला सांगायचं. बायको म्हणाली, "तिच्या घरातली गोष्ट आहे. तिला न सांगता काही करायचं नाही. मी आधी तिच्याशी बोलते." मी म्हटलं, "बरोबर आहे तुझं." तोवर माझी वकीलबाईंना लिंक पाठवून झाली होती. हे बायकोला अजून माहीत नाही. हे वाचेल तेव्हा कळेल.

तिने स्पीकरवर फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडे कुकरच्या शिट्या होत होत्या.

"ताई," मेहुणी म्हणाली, "मी टाकलं तेव्हा ते खरं होतं."

"आताही खरंच आहे गं."

"म्हणून काढणार नाही मी. तो म्हणाला तरी नाही काढणार. पण मला साक्षीला बोलवू नका. मला त्याच्याच घरात राहायचंय." मग म्हणाली, "भाऊजी ऐकतायत ना? भाऊजी, तुम्ही त्याची नक्कल करायचात ना, त्या दिवशी घरी आला की तो जेवायचा नाही. मी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं."

फोन ठेवून बायको कणीक मळायला आत गेली.

प्रतिज्ञापत्रावर सही करायला गेलो तेव्हा वकीलबाईंनी मजकूर वाचून दाखवला. मी शपथेवर सांगतो की सदर वृंदावन अर्जाच्या तारखेपूर्वीच सर्वांच्या नजरेला आलेलं होतं, त्यामुळे ते नवीन म्हणता येत नाही. जगात ते पहिल्यांदा बनवणारा माणूस मी. आणि ते नवीन नाही अशी शपथही मीच घेतली. सही पहिल्यांदा चुकली, म्हणून ती दोनदा करावी लागली.

मग साडूचं उत्तर आलं. सोळा पानं. वकीलबाई म्हणाल्या, सगळं वाचू नका, त्रास होतो. मी सगळं वाचलं. फोटो बनावट असण्याची शक्यता आहे, असं एक कलम होतं. फोटोतली व्यक्ती आपण नाही, असं दुसरं. पत्नीच्या खात्याशी आपला संबंध नाही. आणि बारावं कलम असं होतं की अर्जदाराशी, म्हणजे माझ्याशी, प्रतिवादीचं कोणतंही नातं नाही. अर्जदार हे खिडक्यांची किरकोळ कामं करणारे एक इसम म्हणूनच त्यांना माहीत आहेत.

त्याच्या लग्नात त्याच्या कानात अत्तराचा फाया मी ठेवला होता. त्याच्या मुलीच्या पाचवीला रात्रभर जागायला मी होतो. त्याच्या आईला अॅम्ब्युलन्समध्ये चढवताना स्ट्रेचरचं एक टोक माझ्या हातात होतं. आणि मी एक इसम. डिझाइन गेलं तेव्हा राग आला होता, तो राग मला ओळखीचा होता, रागाशी मी बोलू शकतो. हे वाचल्यावर मात्र काहीच आलं नाही. मी पानं सरळ केली, क्लिप लावली आणि परत दिली.

सुनावणी मी गाळ्यातून केली. मागे ग्रिल दिसत होत्या म्हणून वकीलबाईंनी मला भिंतीकडे पाठ करून बसायला सांगितलं. पडद्यावर वेगवेगळ्या चौकटी. एकीत कोलकात्याच्या कार्यालयाचे साहेब, एकीत वकीलबाई, एकीत त्याचा वकील, एकीत तो. साहेबांनी फोटो पडद्यावर लावला. समोर मोठा साडू, अंतरपाट खांद्यावर, आणि बाजूच्या छोट्या चौकटीत लहान साडू, खाली बघत. एकच प्रश्न त्यांनी त्याच्या वकिलाला विचारला, "या पोस्टची तारीख तुम्हाला मान्य आहे की नाही?" वकिलाने आधी घसा साफ केला.

काही महिन्यांनी निकाल आला. नोंदणी रद्द. आधीच लोकांपुढे आलेलं डिझाइन. वकीलबाई म्हणाल्या, "काका, जिंकलात. आता निदान धंद्याच्या नावाचा तरी अर्ज करा, ट्रेडमार्कचा. तुमच्या स्वतःच्या लॉगिनमधून." मी तो केला. ओटीपी माझ्याच मोबाईलवर आला, मी तो मोठ्याने वाचला, आणि बायको म्हणाली, "हळू, लोक ऐकतील."

त्या वर्षी तुळशीच्या लग्नाच्या आधी भाईंदर पूर्वेच्या दुकानांबाहेर वृंदावनं टांगलेली होती. कारखान्याची, कारखान्याची पाहून दुसऱ्यांनी केलेली, आणि त्यांची पाहून तिसऱ्याने केलेली प्लास्टिकची. एका दुकानात मी उगाच थांबलो. दुकानदार म्हणाला, "लेलो अंकल, नया आयटम है." मी ते हातात घेऊन बघितलं. कोनाड्याच्या पट्ट्या उलट्या बाजूला होत्या. मी काहीच बोललो नाही. सांगितलं असतं तर पुढच्या वर्षी त्याने सुधारून घेतल्या असत्या.

माझ्या मागण्या थांबल्या नाहीत, पण कमी झाल्या. दोघी बहिणी अजूनही दुपारी फोनवर बोलतात, भाज्यांवर, गुडघ्यांवर. आम्हा दोघांची नावं त्यात येत नाहीत.

साडूचा फोन आला तो त्यानंतर, एका दुपारी. मी एका नव्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर एका काकूंच्या खिडकीत वृंदावन बसवत होतो, एक पाय स्टुलावर, हातात ड्रिल.

"कसा आहेस?" तो म्हणाला.

"बरा आहे."

"कारखान्याने करार मोडला. म्हणाले, आता कागदच नाही तर तुमची गरज काय." मी ड्रिल खाली ठेवलं. "म्हणजे माझंही गेलं आणि तुझंही गेलं," तो म्हणाला. "मग आता भांडण कशाचं राहिलं?"

मला वाटतं, तो मनापासून विचारत होता. त्याला खरंच वाटत होतं की वस्तूच उरली नाही तर भांडणही उरत नाही.

"कलम बारा," मी म्हटलं.

"ते वकिलाने लिहिलं रे. तशीच भाषा असते त्यांची. मी फक्त सही केली."

"वाचून केलीस?"

तो नाही म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला असता. खोटं आहे हे कळूनही ठेवला असता, मी त्यासाठी तयारच उभा होतो.

"हो," तो म्हणाला. "वाचून."

काकू मागून विचारत होत्या, डावीकडे लावताय की उजवीकडे. मी फोन बंद करून खिशात टाकला आणि म्हटलं, "उजवीकडे, काकू. सकाळचं ऊन तिकडे येतं."